डोक्याला मुका मार

३ सप्टेंबर, बुधवार
विनीत वकिलाचा फोन. मेडिकल बोर्ड १७ तारखेला, ओरोसला, जिल्हा रुग्णालयात.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये कट्टा गावाच्या बाजाराअलीकडच्या वळणावर पर्यटकांची गाडी आमच्या गाडीवर आली. माझी बायको मथुरा जागीच गेली. माझ्या डोक्याला मुका मार. तिच्या भरपाईचा दावा सरळ आहे, भांडण माझ्या डोक्यावरून आहे. स्कॅन स्वच्छ आलं, म्हणून विमा कंपनी म्हणते याच्या डोक्याला काही झालेलंच नाही. कंपनीचं म्हणणं मला पहिल्यांदाच पटलं.

विनीत म्हणाला, "काका, बोर्डासमोर हुशारी दाखवू नका. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा." पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढली. कालव्यांचे नंबर अजून पाठ आहेत. मी चार डॉक्टरांपुढे डोकं बिघडलंय म्हणून सांगू? आणि तसा कागद एकदा झाला की दीपिका घराला कुलूप लावून मला डोंबिवलीला नेणार. एकुलती एक मुलगी, हट्टी.

संकल्प: एक, रोज सकाळी प्रश्नोत्तरांची तयारी. दोन, मथुराने हाक मारली तर ओ द्यायची नाही.

५ सप्टेंबर, सकाळी ७
तयारी सुरू. वार, तारीख, तिथी, तालुक्याचं नाव. मग शंभरातून सात-सात वजा. बहात्तरपर्यंत आलो आणि स्वयंपाकघरातून मथुरा म्हणाली, "चाय उतू गेली वो." खरंच गेली होती. ओ दिली नाही. नुसतं "बघतंय" म्हटलं. त्याला ओ देणं म्हणत नाहीत.

ती गेली हे मला माहीत आहे. दाखला मी स्वतः जाऊन आणला. वर्षश्राद्ध झालं. पण चौतीस वर्षांचा संसार आहे, बोलणं असं एका दिवसात बंद होत नाही. याचा डोक्याशी काही संबंध नाही.

८ सप्टेंबर
डोकं दुखतं. चष्म्याचा नंबर वाढला असणार.
हॉर्न वाजला की हात कापतात. वय.
शेजारणीचं नाव आठवेना. दिवसभर "गो" वर भागवलं. तीस वर्षांच्या ओळखीत नाव घ्यायची गरजच काय?

११ सप्टेंबर
येत्या पितृपक्षातल्या नवमीला मथुराचा पहिला महाळ. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची ती नवमी. गेलेलीच्या जागी एक सवाष्ण जेवायला बसवायची. शेजारच्या शेवंतीला सांगितलं. (नाव आठवलं. उगाच काळजी केली.)

सामानाला कट्ट्याला गेलो. वळणाच्या आधीच्या स्टॉपवर बसमधून उतरलो आणि पुढचं चालत गेलो. चालणं प्रकृतीला चांगलं. वळणाकडे पाहायचं नाही असं ठरवलं नव्हतं, फक्त चपलेकडे लक्ष होतं. बाजारात पोचल्यावर काय आणायचं ते आठवेना. यादी खिशात होती, ती घरी आल्यावर सापडली. केरसुणी आणली. ती लागतेच.

संध्याकाळी मथुरा बरंच बोलली. कुळथाचा भाव, दीपिकाचं वजन, पडवीतली ओल. फक्त अपघाताच्या आधीच्या दहा मिनिटांबद्दल ती बोलत नाही. ती दहा मिनिटं मला आठवत नाहीत. तिला आठवत असणार, माझ्या बाजूलाच बसली होती. आज मी सरळ विचारलं, शेवटी माका काय म्हणालंस? (विचारणं म्हणजे ओ देणं नव्हे.) ती परत कुळथाच्या भावावर गेली.

सांगेल. म्हणून घर सोडून चालणार नाही. डोंबिवलीचा पत्ता तिला सापडायचा नाही.

१५ सप्टेंबर, नवमी
सगळं स्वतः केलं. काळ्या वाटाण्यांचं सांबारं, भोपळ्याची भाजी, खीर, वडे. भटजी जाऊन आले. शेवंती नवं लुगडं नेसून पानावर बसली. पहिला घास घेतला आणि आतून मथुरा ओरडली, "वडे करापले वो!"

दमलो होतो. तोंडातून निघून गेलं, "मगे तूच येवन तळ!"

शेवंतीने घास खाली ठेवला. "माका जेवक बोलवून वडे तळूक लावतास, भावोजी? ह्यो खंयचो महाळ?" असं म्हणत पदर खोचून उठलीसुद्धा.

मी घाईने म्हटलं, "तुका नाय गो शेवंती. हिका सांगतंय."

शेवंतीने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. मग खाली बसून मान वर न करता जेवली. ओटी घेतली आणि मागच्या दाराने तडक घरी गेली. दोन वडे खरोखरच करपले होते.

दुपारी दीपिकाचा फोन. बुधवारी मी पण ओरोसला येते. हे आत्ताच का सुचलं, असं विचारलं. म्हणाली, सहज.

१७ सप्टेंबर, ओरोस
पास! वार, तारीख, जिल्हा, उलटे महिने, सगळं बरोबर. सात-सातची वजाबाकी दोनपर्यंत नेली. विचारलं नव्हतं तरी कालव्यांचे नंबर सांगितले. विनीत दाराबाहेर कपाळाला हात लावून उभा होता. वकिलाला असा अशील परवडत नाही.

शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "काका, घरी कोण कोण असतं?" मी म्हटलं, आम्ही दोघंच. मग चारही डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि बराच वेळ लिहीत होते. प्रभावित झालेले दिसले.

२४ सप्टेंबर
विनीत कागद घेऊन घरी आला. फार खूश. "काका, कमाल केलीत! एका वाक्यावर केस उभी राहिली." डोक्याची इजा बोर्डाने मान्य केली. आता फक्त प्रतिज्ञापत्र. त्यात लिहिलं होतं, मला माझ्या मयत पत्नीचा आवाज ऐकू येतो. तो भास आहे, याची मला जाणीव आहे.

मी म्हटलं, पहिलं वाक्य बरोबर. दुसरं खोडा.

विनीत म्हणाला, "दुसरं खोडलं तर केस राहत नाही काका, भुताटकी होते."

बोर्डाच्या दिवसापासून इथेच राहिलेली दीपिका शेजारी बसून वाचत होती. पुढच्या परिच्छेदाशी थांबली. अपघाताआधीच्या दहा मिनिटांची स्मृती नाही, असा तो परिच्छेद. तिने तो दोनदा वाचला. मग म्हणाली, "बाबा, आई शेवटी 'दीपिकेक फोन करा' म्हणाली, असं तुम्ही मला सांगितलं होतंत."

म्हटलं, म्हणाली असणार. रोज म्हणायची.

दीपिकाने कागद माझ्यासमोर सरकवला. माझ्या खिशातलं पेन काढलं, टोपण उघडून माझ्या हातात दिलं. तिचा हात कापत होता, आणि तिच्या डोक्याला तर काही लागलेलं नाही.

सही केली. दोन्ही वाक्यांखाली. अक्षर चांगलं आलं.

सही केल्यापासून घरात मथुराचा आवाज नाही. दीपिका माझे कपडे बॅगेत भरते आहे. मी दोनदा स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. एकदा हाकही मारली.

रागावली आहे. दुसरं काही नाही.