पाच नँड गेट आणि एक लाल वायर

मंगळवार, १४ ऑक्टोबर १९८६

डोकं फिरलंय नुसतं. दोन बिटांची बेरीज करणारं सर्किट मी एकटीने जोडलं. बेरजेला सोयीच्या एक्सॉर गेटच्या चिप्स लॅबमध्ये संपल्या होत्या, म्हणून पाच नँड गेटवरच भागवलं. शेवटची लाल वायर लावली आणि दिवा बरोबर पेटला. तेवढ्यात सर आले आणि माझ्या पार्टनरला, सुहासला, म्हणाले, "झकास रे! हिलाही समजाव जरा." आणि हा मान हलवतो! नंतर मला म्हणे, "जाऊ दे ना यार, मार्क दोघांना सारखेच." सारखेच?

उद्या बाहेरचे परीक्षक हे सर्किट बघायला येणार. ती लाल वायर निघताना मी काढून आणलीय, कंपासपेटीत आहे. उद्या सुहासला म्हणावं, समजाव त्यांना, ती कुठे लागते.