उर्सुलाच्या जॅकेटखाली

रेगेन्सबर्ग, १६ नोव्हेंबर २००६

हात अजून गार आहेत. आज संध्याकाळी डोनाऊकाठी धावायला गेलो, तेव्हा धुकं इतकं दाट होतं, की नदी दिसतच नव्हती. खालच्या मजल्यावरची उर्सुला नेहमीसारखी माझ्या मागे धावत होती. अचानक थांबली.

"पावलं ऐकलीस?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तिने जॅकेटखालून छोटं काळं पिस्तूल काढलं आणि धुक्यावर रोखलं. मी जागीच थिजले.

"घाबरू नकोस. यात गोळी नसते, डोळ्यांना झोंबणारा गॅस असतो. परवाना आहे माझ्याकडे." मग धुक्याकडे बघून म्हणाली, "ये, पुढे ये!"

कुणीच आलं नाही. मिनिटभराने ती हसली. "गेला."

कोण गेला? आम्ही घराकडे वळलो.

दोन महिने मी तिच्या पुढे धावतेय. म्हणजे ते पिस्तूल रोज माझ्या पाठीमागे होतं. गोळी नसते म्हणे. नसेलही. पण पावलं? ती तरी होती का?

आत्ताच आईचा फोन येऊन गेला. "एकटी नाही ना धावत तू?"

"नाही गं, सोबत असते," म्हटलं. फोन ठेवला आणि उठून दाराला आतून कडी लावली.