आक्कांना वाचून दाखवलेला कागद

मंगळ, ११ नोव्हेंबर

अनगोळच्या त्या सहा फ्लॅटच्या बिल्डिंगला आज तिसरी चक्कर. भाडेकरू सगळे तयार. पण आमच्या कंपनीची इंटरनेटची फायबर वायर आत घ्यायला मालकाची सही पायजे. मालकीण राहतात निपाणीला, आणि फोन उचलत नाहीत.

दुसऱ्या मजल्यावरची सुजाता जिन्यातच गाठ पडली. एक तारखेला जॉइनिंग आहे तिचं. पुण्याची कंपनी, काम घरी बसून, हॉस्पिटलांची बिलं तपासायची. मोबाईलचं नेट त्यांना चालत नाही. घरात लाइन पायजे आणि स्पीडचा फोटो आधी पाठवायचा. दोन वर्षं सरकारी परीक्षा देत होती, त्यातून हे एक लागलंय.

"तुम्ही निपाणीला जाणार न्हवं?"

"उद्याच जातो."

तिचे वडील पोस्टातून रिटायर झालेत. घरात बोलावून चहा देता देता म्हणाले, "उद्या म्हंजे उद्याच न्हवं? आम्ही पत्रं वाटलीत बाबा, उद्या काय असतंय म्हायती हाय."

हसलो. कप धुऊन ठेवायला गेलो तर सुजातानं हातातून घेतला.

गुरु, १३

बुधवार असाच गेला. आज निघालो. संकेश्वरला बस थांबली, वडा खायला खाली उतरलो, तर समोर मारुती. ट्रकवर क्लीनर होतो तेव्हाचा दोस्त. आता उसाचा ट्रॅक्टर चालवतो. "चल की रं कारखान्यापतूर, तासाभराचं काम." कारखान्याबाहेर दीड मैल ट्रॅक्टरांची लाइन. दिवसभर उसाच्या ढिगावर बसून गप्पा, ऊस खाऊन हिरड्या सोलल्या. लई बरं वाटलं.

परत येताना सुजाताला मेसेज केला, मालकीण भेटल्या नाहीत म्हणून. खोटं नाही. भेटायला गेलोच नव्हतो.

सोम, १७

आज पोचलो. तंबाखूच्या वखारींची गल्ली, शेवटी त्यांचं घर. सगळे त्यांना आक्का म्हणतात, मी पण म्हणालो. सत्तरीच्या पुढच्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, काळा चष्मा. नळाला फडकं बांधलेलं, गाळल्याशिवाय पाणी पीत नाहीत. कामवालीशी कानडीत, माझ्याशी मराठीत.

अर्धा तास माझीच चौकशी. गाव कुठलं, शाळा किती, लग्न का नाही. मग अनगोळच्या बिल्डिंगची गोष्ट. मालकांनी बांधली, ते गेले. गच्चीवर एक खोली आहे, ती भाड्यानं कधी दिली नाही. जैन मुनी महाराज पायी विहार करत बेळगावात आले की आक्का तिथं जाऊन चौका लावतात, म्हणजे त्यांच्या आहाराची सोय. महाराजांचा आहार दिवसातनं एकदाच, उभ्यानं, हाताच्या ओंजळीत. त्याचा स्वयंपाक त्या खोलीत. विहिरीचं पाणी, धुतलेली लुगडी, बाहेरच्या माणसानं उंबरा ओलांडायचा नाही.

"आमचे हे म्हणायचे, खालचे सहा फ्लॅट आपल्या पोटासाठी, वरची खोली त्यांच्यासाठी. त्या खोलीला हात लावायचा न्हाय बग."

मी फॉर्म पुढं केला. सगळा कानडीत. आक्कांनी हातात घेऊन परत दिला.

"घरात कानडी बोलतोय, पण अक्षर कुठलं येतंय? आमची शाळा मराठी. सूनबाई शाळंतनं पाचला येतीया, ती वाचंल. का तुला येतंय वाचाय?"

"व्हय."

एवढाच शब्द. का बोललो? साडेचारची बस धरायची होती, उद्या दोस्त परश्याबरोबर जांबोटीला फिरायला जायचं ठरलेलं. हे एक. दुसरं, येत नाही असं तोंडातून निघेना. नववीपर्यंत शाळेत कानडीचा पेपर पुढच्याचा बघून लिहिला. बोलतो फाडफाड, ट्रकवर शिकलो. वाचता येत नाही. बसच्या पाट्या आकारावरून ओळखतो.

"मग दाव वाचून."

वाचलं. म्हणजे ओळीवर बोट ठेवलं आणि तोंडाला येईल ते मराठीत बोलत गेलो. वायर जिन्यातून जाईल. भिंतीला पडलेली भोकं बुजवून देऊ. नुकसान झालं तर कंपनी जबाबदार. ओळ संपली की बोट खाली सरकवत होतो. मधेच थांबून "म्हंजे" असं पण म्हणत होतो.

"आन् खोलीचं?"

बोट कुठल्या तरी ओळीवर होतं. "लिवलंय की आक्का. गच्चीवरची खोली सोडून."

सही केली. हळूहळू, मराठीत, पूर्ण नाव. गच्चीच्या दाराची किल्ली दिली, त्याच कड्यात खोलीची पण. "तुज्यावर सोडलंय बग." निघताना हातावर गूळ-शेंगदाणे.

साडेचारची बस मिळाली.

गुरु, २०

फॉर्म सुपरवायझर शिवू अण्णाच्या टेबलावर टाकला, किल्ल्या वायरवाल्यांकडं, आणि दोन दिवस जांबोटी. परश्याच्या मामाचं घर, भात मळणी चाललेली. फोनला रेंज नाही. यायची बस चुकली म्हणून निम्मी वाट चालत. रस्त्यात गवा दिसला. त्यावर पानभर लिहिणार होतो.

ते राहू दे.

आज दुपारी अनगोळला गेलो तर काम झालेलं. गच्चीवरच्या खोलीचं दार सताड उघडं. आत नेटच्या यंत्राची कपाटाएवढी पेटी भिंतीला ठोकलेली, खाली बॅटऱ्या, पंखा घुरघुरतोय. तीन वायरवाले जमिनीवर बसून अंडा राईस आणि उकडलेली अंडी खात होते, पार्सलच्या कागदावर. "ये रे, जेव."

बसलो. पहिला घास घेताना आक्का आठवल्या. दुसरा पण खाल्ला. सगळा खाल्ला. सकाळपासून पोटात काही नव्हतं, हे काय कारण झालं?

कागदाचे बोळे गोळा केले, टरफल एक कोपऱ्यात सापडलं ते खिशात घातलं. घरी येऊन पँट धुवायला टाकताना वहिनीला सापडलं. "अंड्याचं टरफल खिशात घिऊन कोण फिरतंय गं बाई!" दादा हसून हसून लोळला. आमच्या पिरनवाडीभर सांगत सुटेल आता.

शुक्र, २१

सुजाताची लाइन चालू. स्पीडचा फोटो पुण्याला गेला, तिकडून ओके आलं. तिनं पेढे दिले. तिचे वडील म्हणाले, "उद्या करत करत आणलास बग शेवटी." चांगल्या मनानं म्हणाले. मी पेढा खिशात घातला.

संध्याकाळी अनोळखी नंबर. आक्का. सुनेच्या फोनवरून.

"बाळ, महाराज पुढच्या महिन्यात बेळगावात येत्यात. पाच-सहा तारखंला. काम झालं न्हवं तुमचं? खोली तेवढी बंद हाय न्हवं?"

"बंद हाय आक्का."

बंद आहे. कुलूप मीच लावून आलोय.

शनि, २२

शिवू अण्णाला विचारलं, पेटी खोलीत कशी? मला वाटत होतं वायरवाल्यांची चूक. मनातून तसंच असावं असं वाटत होतं.

"फॉर्मात आहे की. सात नंबर बघ. मालकिणीनं सही केलीय." फॉर्मची झेरॉक्स दिली.

झेरॉक्स घेऊन दुपारभर किल्ल्याच्या तळ्यावर बसलो. सात आकडा कळतो. पुढचं नाही. शेवटी सुजाताकडं गेलो. परीक्षेसाठी तिनं कानडी पक्कं केलंय.

"जरा वाचून सांगता? चष्मा विसरलोय."

"तुम्हाला चष्मा कधीपासून?"

झेरॉक्स पुढं केली. तिनं वाचलं. तीन नंबर, भोकं बुजवण्याची जबाबदारी मालकाची. मी उलटं सांगितलं होतं. सात नंबरला मोकळी जागा सोडलेली, तिथं मी फॉर्म निपाणीला न्यायच्या आधीच ऑफिसातल्या कुणीतरी पेननं भरलंय: गच्चीवरची खोली, यंत्रासाठी, दहा वर्षं.

"हे आक्कांनी कसं दिलं? त्या खोलीत तर आम्ही कुणीच जात न्हाय. दिवाळीला त्या येतात, स्वतः झाडतात."

"मी वाचून दाखवलं."

तिनं झेरॉक्सची घडी केली. आतून तिच्या वडिलांनी विचारलं, कोण आलंय. ती म्हणाली, कंपनीचा माणूस.

मग हळू आवाजात, "येत न्हाय म्हणायचं होतं. कुणी फाशी दिली असती?"

नाही. कुणी काही बोललं पण नसतं. पाचला सून आली असती, तिनं वाचलं असतं, सात नंबर खोडून सही झाली असती. मला पुढची बस लागली असती. एवढंच.

मंगळ, २५

शिवू अण्णा म्हणतो पेटी जिन्याखाली हलवता येते. पण पूर्ण लाइन तोडून परत जोडावी लागेल, आणि जोडणारी माणसं विधानसभेच्या अधिवेशनाच्या कामाला गेलीत. पंधरा डिसेंबरपर्यंत कुणी मिळणार नाही. मालकीण आताच काढा म्हणाली तर काढून टाकू, सगळ्या बिल्डिंगचं नेट बंद. "तू कशाला उकरून काढतोस? सही आहे ना?"

सुजाताचं एक तारखेला चालू. महाराज पाच-सहाला.

तिला सांगितलं. वाटलं म्हणेल, पंधरापर्यंत गप्प राहा. मी पण तेच ऐकायला गेलो होतो बहुतेक.

तिनं टेबलाचा खण ओढला, वही काढली, आणि अख्खा फॉर्म मराठीत लिहून दिला. एक ते अकरा, ओळीनं. तीन आणि सातखाली रेघ.

"आता तरी वाचाल न्हवं नीट?"

"आणि तुमचं काम?"

"ते माझं मी बघते." मग दार लावता लावता, "दोन वर्षं झाली हो." दार लागलं.

गुरु, २७

निपाणी. संकेश्वरला बस थांबली, उतरलो नाही.

आक्का गहू निवडत होत्या. म्हणालो, आक्का, त्या दिवशी वाचलेलं खोटं. मला कानडी वाचता येत नाही. सुजातानं लिहून दिलेला कागद परत वाचला, खराखुरा, सगळा. सात नंबरला त्यांनी ताट बाजूला ठेवलं.

"पेटी बसवली?"

"व्हय."

"खोलीत."

"व्हय."

"परवा फोनवर बंद हाय म्हणालास."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. कामवालीला कानडीत म्हणाल्या, याचं पान वाढ, दिवस बुडायला आलाय, मग आपल्यात जेवत नाहीत. मला म्हणाल्या, "सूनबाईला ईस वर्सं झाली इथं. तरीबी मी तिच्याकडनं दोनदोनदा वाचून घेती. तुज्याकडनं एकदाच घेतलं." आणि आत गेल्या.

भाकरी, मुगाची आमटी, कांदा-लसूण नाही. खाली मान घालून जेवलो. सुजाताचं सांगितलं, एक तारखेचं. आक्कांनी ऐकून घेतलं. जाताना म्हणाल्या, "ऐतवारी येते मी. खोली बघते, मग सांगते. पेटी एका भिंतीला असंल तर पडदा लावून भागतंय का बघू. खोली तेवढी शुद्ध पायजे."

बसमध्ये बसल्यावर कळलं. अंड्याचं बोललोच नाही.

रवि, ३०

कालपासून तीनदा धुतली खोली. पहिल्यांदा साबणानं, मग शेजारच्या आडातलं पाणी ओढून. बॅटऱ्यांवर प्लॅस्टिक घालून. कोपरा नखानं खरवडला. आता वास येत नाही. बघून कुणाला कळणार नाही. कळणार नाही हेच वाईट आहे. गप्प बसलो की संपलं. पडदा लागेल, सुजाताचं उद्या चालू होईल, आक्का चौका लावतील, महाराज ओंजळ पुढं करतील.

सुजाता वर येऊन बघून गेली. "छान झाली. आता काय म्हणायला जागा न्हाय."

तिला सांगितलं अंड्याचं. पायरीवर बसली. खाली तिचे वडील तिची नवी खुर्ची खिडकीशी ओढून बघत होते, उजेड कुठून येतो म्हणून, त्याचा आवाज येत होता.

"कोण कोण होतं?"

"तिघं. आणि मी."

"तुम्ही पण?" मग उठता उठता, "मला कशाला सांगितलं?"

खरंच, तिला कशाला सांगितलं? ज्यांना सांगायचं त्या आक्का अजून बसमध्ये आहेत. माझ्या डोक्यावरचं थोडं तिच्या डोक्यावर ठेवलं, दुसरं काय. हे पण लिहून ठेवतो.

आता साडेनऊ. स्टॉपवर बसून लिहितोय. आक्कांची बस दहाला. सुनेचा फोन आला होता, सोबत पाण्याची कळशी, धुतलेली लुगडी आणि पडद्याचं कापड घेऊन निघाल्यात म्हणे. म्हणजे पेटी चालेल असं मनानं घेतलंय. मारुतीचे दोन मिस्ड कॉल. उचलले नाहीत.

किल्ल्यांचं कडं हातात आहे. ते त्यांच्या हातात द्यायच्या आधी अंड्याचं बोलायचं. दिल्यावर नाही, दार उघडल्यावर नाही. आधी. इथं, स्टॉपवरच.

एक बस येतेय. पाटी लांबून नीट दिसत नाही. अक्षरांचा आकार निपाणीचाच वाटतो.