गंगूला विचारलेले प्रश्न

२ नोव्हेंबर, रविवार
दौंडला उपासनेला गेले. नवीन पाळक म्हणजे पोरगंच आहे, मिशी अजून धड फुटायची आहे. उपासना झाल्यावर आम्हा म्हाताऱ्यांना थांबवून म्हणाला, आजी, लोकांना सांगत बसू नका, विचारा. येशूनं पण प्रश्न विचारले. चांगला प्रश्न विचारला की माणूस आपल्या पायानं देवाकडं येतं. म्हटलं, मी चौथी नापास, मला प्रश्न येत नाहीत, उत्तरं येतात. तर म्हणाला, वही करा. कुणाला काय विचारलं, ते काय म्हणालं, लिहीत जा.
नातीची अर्धी कोरी वही घेतली. पुढच्या पानांवर तिचा भूगोल आहे.
पहिली गंगू. शेजारीण. पस्तीस वर्षं भिंतीला भिंत. तिचा मालक गेल्या महिन्यात गेला, भिका आबा. तीन वर्षं अंथरुणात होता.

४ नोव्हें.
विचारलं, "गंगू, मेल्यावर माणूस कुठं जातं गं?"
म्हणाली, "तू कुठं निघालीस?"
संपलं.

५ नोव्हें., बुध.
लहानपणी मिशनच्या बाई आमच्याकडून प्रश्नोत्तरं पाठ करून घ्यायच्या. प्रश्न त्यांचा, उत्तर त्यांचं, आमचं नुसतं तोंड. आज तेच झालं. गंगू मेथी निवडत होती. म्हटलं, "माणसाचं पाप कोण धुतो, सांग बरं?" आणि तिनं मान वर करायच्या आत मीच म्हणाले, येशू.
"तुला ठावं हाय तर मला कशाला इचारतीस, मार्था?"
खरं आहे. पाळकाला वाटतं सोपं आहे.

६ नोव्हें.
कांद्याची लागण. कंबर गेली. उसाकडं बिबट्या फिरतोय म्हणून चारलाच सुट्टी. त्याचे उपकार.

८ नोव्हें., शनि.
दत्ता आला होता. गंगूचा मुलगा, रांजणगावला कंपनीत आहे, घरून रोज जाऊन-येऊन करतो. "मावशी, आई जेवत न्हाई. तुमचं ऐकती ती, दोन घास खायला लावा." गाडीला किक मारता मारता परत वळला. "पर ते तुमचं चर्चचं काढू नका. गाव आधीच बोलतंय."
म्हटलं, "गावाला दुसरं काम कुठंय. जा कामावर."
गंगू का जेवत नाही ते मला माहीत आहे. आबाच्या दहाव्याला कावळा शिवला नाही. आमच्यात हे मानत नाहीत, म्हणून मी नदीवर वरच्या अंगाला उभी राहिले. मानत नाही म्हणजे दिसत नाही असं नाही. पिंड ठेवला, जिलेबी ठेवली, बिडी ठेवली, चहाचा कप ठेवला. दत्ता हात जोडून म्हणाला, आबा, पोरीला शिकवतो. पुतण्या म्हणाला, बांधाचं मिटवतो. एकेक जण पुढं होऊन शब्द देत होता. कावळे लिंबावर बसून बघत होते, एक खाली येईना. ऊन चढलं. शेवटी दर्भाचा कावळा करून लावला आणि लोक जेवायला गेले.
सगळे बोलले, गंगू एकटी बोलली नाही. तेव्हा दिसलं होतं, पण डोक्यात आज शिरलं.

१० नोव्हें., सोम.
आज वहीत प्रश्न लिहून नेला नाही. गंगू भुईमूग फोडत होती. मी पण चार शेंगा घेतल्या. विचारलं, "नदीवर सगळी बोलली, तू का गं न्हाई बोललीस?"
उत्तर मला माहीत नव्हतं. असं मी पहिल्यांदाच विचारलं असेल.
पाटीतल्या शेंगा फोडून संपवल्या. मग बोलली. शेवटच्या दिवशी, दिवेलागणीला, आबानं अंथरूण ओलं केलं. त्या दिवशी तिसऱ्यांदा. ती नुकतीच धुवून आली होती. म्हणाली, "मरा एकदाचे, सोडवा मला." आबा नुसता बघत राहिला. सकाळी चहा घेऊन गेली तर गेलेला.
"एवढ्या लोकांत काय बोलू? आन् कावळ्याला काय ठावं न्हाई व्हय?"
इथं क्षमेचं सांगायचं होतं. तोंडावर आलं होतं. निघालं दुसरंच. म्हटलं, "अगं, माझ्या मालकाला मी शंभर येळा मर म्हणाले आसंन. तो आपल्या सवडीनं मेला. तुझ्या आबानं जन्मात तुझं एक तरी ऐकलं का? मग हेच बरं ऐकंल?"
हसली. पदर तोंडाला लावून डोळ्यात पाणी येईस्तवर हसली. अर्धी भाकरी खाल्ली.
प्रभूचं नावच निघालं नाही. पाळकाला काय सांगू.

१३ नोव्हें.
हसू तीन दिवस टिकलं. आज भिंतीवरून म्हणाली, "माझ्या बोलण्यानं गेले न्हाईत, पटलं. पर ऐकून गेले का न्हाई?"
मग मात्र मी सगळं सांगितलं. क्रूस, रक्त, क्षमा. उभ्या उभ्या, पायाला मुंग्या येईपर्यंत. तिनं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "तुझा देव चांगला दिसतोय. करंल माफ. पर मी त्याला कुठं बोलले? बोलले ह्यांना. ह्यांनी माफ करायचं ते तो परस्पर कसं करतो?"
उत्तराला चार ओळी मोकळ्या सोडल्या आहेत.

१६ नोव्हें., रवि.
उपासनेनंतर पाळकाला वही दाखवली. त्यानं शास्त्र उघडून एक वचन वाचलं. म्हटलं, पाळकसाहेब, वचन चांगलं आहे, पण हे गंगूच्या प्रश्नाचं नाही. दुसरं काढलं. ते पण नाही. मग शास्त्र मिटलं आणि म्हणाला, "आजी, मला नाही माहीत."
पोरगं खोटं बोललं नाही. मला आवडलं. चहा मी पाजला.
येताना एसटीत खिडकीला बसले. मालकाला शंभर वेळा मर म्हणाले असेन, हे मी गंगूला हसवायला सांगितलं. पण म्हणाले होते ना. त्यानं पण ऐकलंच की. पन्नास वर्षं दर रविवारी सगळ्यांबरोबर उठून पाप कबूल करते, एका सुरात, पाठ आहे म्हणून. त्यात हे कधी घातलं नाही.
बास. पुढचं लिहीत नाही.

१८ नोव्हें.
गंगूला सरळ सांगितलं, पाळकाला येत नाही, मला पण येत नाही.
"मग येवढ्या लांब जाऊन करता काय तुम्ही?"
"बोलू नये ते बोललो, करू नये ते केलं, ते देवापुढं सांगतो. मी माझं अजून सांगितलं न्हाई."
"का?"
"लाज वाटती."
"पन्नास वर्षं?"
"व्हय."
"मग माझं एका म्हयन्यात कसं व्हायचं, बाई."
नंतर तिच्याकडं पिठलं केलं. दोघी जेवलो.

२० नोव्हें., गुरु.
सकाळी दत्ता दारात, हेल्मेट हातात. "मावशी, मी सांगितलं व्हतं. लोक म्हणत्यात, आईला बाटवायला निघाली ही. काय भरलंय तिच्या डोक्यात?"
मी तोंड उघडायच्या आत गंगू बाहेर आली, हाताला पीठ. म्हणाली, "तिनं न्हाई भरलं. तुझ्या बापाला मी मरा म्हणाले, शेवटच्या सांजेला. ते हाय डोक्यात."
कावळ्यापुढं निघालं नाही ते पोरापुढं निघालं.
दत्तानं हेल्मेट खाली ठेवलं. मग माझ्याच उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "मला हाक मारायची न्हाई व्हय."
"कवा आलास हाकेला?"
मी आत गेले. ते त्यांचं त्यांनी बघायचं. तो कामावर गेला नाही एवढं दिसलं.

२२ नोव्हें., शनि.
पाच वाजता गंगू आपणहून आली. "उद्या तुझ्यासंगं आले तर मला काय म्हणाय लावतील?"
"काय न्हाई. बसायचं."
"ह्यांचं नाव घेता येतं का तिथं?"
आमच्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. ते उत्तर मला झोपेत पण येतं. दिलं नाही. विचारलं, "नाव घेऊन काय म्हणशील?"
"ते ठरलं न्हाई अजून. तू काय म्हणणार तुझ्या मालकाला?"
माझं पण ठरलं नाही. तसं सांगितलं.
म्हटलं, एसटी सातला आहे. म्हणाली, सातला डेअरीत दूध घालायचं असतं. म्हटलं, दत्ता घालंल का?
उठली. "त्याला इचारते."
गेली. भिंतीपलीकडं दोघांचं बोलणं चाललंय. आवाज बारीक आहे. काय ठरतंय ते इथवर येत नाही.