उतरवलेले कवेलू

आमगाव,
१४ जुलै २०२४

चि. देवेंद्र यास बाईचे अनेक आशीर्वाद.

तुरुंगातून तुझा फोन येतो पाच मिनिटांचा, त्यातली चार तू शिव्या देण्यात घालवतोस. म्हणून लिहायला बसले. डोक्याचे टाके निघाले का ते कळव. पाण्याच्या नळावरून बराकीत मारामारी केलीस म्हणे. तू मारलंस की मार खाल्लास, दोन्ही मला ऐकायचं नाही.

परवा भरदुपारी कैलाशचा भाऊ चैतराम काठी घेऊन अंगणात शिरला. त्यानं माझं दार फोडलं, मला केसाला धरून ओट्यावर ओढलं आणि माह्या भावाले तुह्या भावानं काऊन जिवानं मारलं, म्हणून गल्ली गोळा केली. मनगट सुजलं आहे, मोडलेलं नाही. सोडवलं कोणी, तर कैलाशच्या बायकोनं. गुंजन मध्ये पडली म्हणून मी आज लिहू शकते आहे.

ती अजून त्याच खोलीत राहते. वर छप्पर नाही, ताडपत्री बांधली आहे. एक तारखेला भाडं माझ्या उंबऱ्यावर ठेवून गेली. मी परत नेऊन दिलं, तर तिनं पुन्हा आणून ठेवलं.

तुझं घरमालक व्हायचं वेड आठवलं की माझं डोकं फिरतं. चोरखमारा तलावाच्या पाण्यावर पिकणारी धानाची बांधी विकलीस आणि माझ्या अंगणालगतच्या या दोन खोल्या घेतल्यास. मोबाइलवर कुणाकुणाचं ऐकून मलाच शिकवायचास की धान वर्षातून एकदा येतं, भाडं दर महिन्याला येतं. राईस मिलचा हमाल कैलाश पहिला भाडेकरू मिळाला, तेव्हा आठ दिवस इस्त्रीचा शर्ट घालून हिंडलास, मालकसाहेब. भाडेपट्टीचा कागद कर म्हटलं तर म्हणालास, आपल्याकडे शब्द चालतो, वाटेल तितके दिवस राहा म्हणून मी त्याला सांगितलं आहे. तो शब्द त्यानं खरा धरला, एवढीच त्याची चूक.

जेवत जा. भांडू नकोस. माझा जीव तुझ्यात आहे हे विसरू नकोस.

तुझी,
बाई


तुरुंगातून,
४ ऑगस्ट २०२४

ती. दुर्पताबाईस,
देवेंद्रचा शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून अंगाची आग झाली. बाहेर आलो की चैतरामचे दोन्ही हात कोपरातून मोडीन. तुझ्या केसाला हात लावतो म्हणजे काय. इथं भिंतीवर डोकं आपटण्यापलीकडे मला काही करता येत नाही, आणि ते मी याआधी केलंही आहे. टाके त्याचेच होते, मारामारीचे नाही.

तू मला दोष देतेस. कोचिंग क्लासवाला दोन्ही खोल्यांना दुप्पट भाडं द्यायला तयार होता. मी कैलाशला तीनदा समजावलं. तो म्हणाला, शब्द देल्ला ना तुमी, मंग आता कायले काढून राहिले. माझ्याच घरात मला जाब विचारत होता. दर उन्हाळ्यात आपण छपराचे कवेलू फेरतोच ना, घर शाकारायला? मीही फेरायला म्हणून उतरवले, फक्त परत चढवले नाहीत. मला वाटलं, दोन दिवस डोक्यावर ऊन घेतलं की आपोआप निघून जाईल. पाच दिवस झाले तरी तो गेला नाही. सहाव्या दिवशी स्वतःच कवेलू चढवायला लागला, म्हणून मी वर चढून ते फेकले. तेव्हा तो कुऱ्हाड घेऊन वर आला आणि शिडीवरून घसरला. झालं ते एवढंच.

हे पत्र सुटणाऱ्या सोबत्याकडून बाहेर पाठवतो आहे. कोर्टात तुला विचारतील. घसरला, एवढंच सांग. दुसरं काही बोललीस तर तुझं माझं नातं संपलं असं समज.

प्रकृतीला जप. माया कमी करू नकोस.

तुझा,
देवेंद्र


आमगाव,
१ सप्टेंबर २०२४

चि. देवेंद्र यास अनेक आशीर्वाद.

नात्याची धमकी मला देऊ नकोस. आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास, तुझं ढुंगण मी धुतलं आहे.

कुऱ्हाड नव्हती, देवेंद्र. त्याच्या बगलेत कवेलू होते, चार की पाच. बेचाळीस डिग्रीत गुंजन आत तापानं फणफणत होती आणि तिच्या खाटेवर सरळ ऊन पडत होतं. तुझ्या हातात बांबू होता. तो तू त्याच्या बोटांवर घातलास, मग खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्या आवाजानं मला आजही जेवण जात नाही.

तुझे वकील येऊन गेले. ते म्हणतात, सारी केस माझ्या साक्षीवर उभी आहे. गुंजन खोलीत होती. उघड्या छपरातून तिला तुझा बांबू दिसला, बाहेरची शिडी दिसली नाही. शिडीजवळ मी एकटी होते. घसरला म्हटलं तर तू सुटशील, नाहीतर जन्म आत काढशील.

तू माझ्या घासातला घास खाऊन वाढलास. तुला आत सडताना मला बघवणार नाही. पण ती बाई उंबऱ्यावर भाडं ठेवायला वाकते तेव्हा माझ्याकडे एकदा बघते.

लोभ आहे तसाच असू दे.

तुझी,
बाई


तुरुंगातून,
२० ऑक्टोबर २०२४

ती. बाईस,
शि. सा. नमस्कार.

तू शिडीजवळ होतीस हे कोणाला सांगितलंस? वकिलाला? पुन्हा तोंडातून काढलंस तर मी या बराकीत स्वतःचा गळा आवळून घेईन, आणि हे नुसतं बोलणं समजू नकोस.

तू अंगणात नव्हतीस. तू विहिरीवर होतीस. घसरला म्हणायला जीभ वळत नसेल तर बेशक सांग की देवेंद्रनं मारलं. बांबू मीच घातला, त्याचं मला काही नाही. पण तू तिथं नव्हतीस. वरून मला सगळं दिसत होतं, बाई. सगळं. आता तरी समजून घे आणि गप्प बस.

मी तुझ्याशी नेहमी आडदांडपणे बोललो, ते पोटात घाल.

तुझा,
देवेंद्र


आमगाव,
१० नोव्हेंबर २०२४

चि. देवेंद्र यास बाईचे अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि मग पोटभर रडले. मला वाटत होतं, तू स्वतःला वाचवायला मला खोटं बोलायला सांगतो आहेस. तुझ्याविषयी असा विचार केला, याची मला लाज वाटते.

तुझ्या बांबूनं तो पडला नव्हता. बोटं फुटली, खांदा मोडला, तरी तो एका हातानं शिडीला धरून होता. दुसऱ्या हातानं त्यानं तुझा पाय पकडला. तू वाशावर डोललास. मला फक्त तू दिसलास, आणि मी दोन्ही हातांनी शिडी ओढली. ओट्याच्या कडेवर त्याचं डोकं आपटलं. मग मी ओरडले की घसरला. तो शब्द माझाच होता, देवेंद्र. तू मला तोच परत करत होतास.

तू गळा आवळायची धमकी दिली आहेस, म्हणून कोर्टाच्या तारखेची वाट बघायला मला सवड नाही. वकील म्हणाले की कैद्याला आलेलं पत्र त्याच्या हाती जाण्याआधी तिथले साहेब उघडून वाचतात. म्हणूनच हे सारं फोनवर सांगितलं नाही.

साहेब, नमस्कार. मी दुर्पता केशोराव पटले, राहणार आमगाव. कैलाशच्या पायाखालची शिडी मी ओढली. हे माझ्या हातचं अक्षर आहे. माझ्या भावावर आज रात्री नजर ठेवा आणि मग हे पत्र त्याला द्या. त्याला म्हणावं, बाईवर राग धर, पण माया सोडू नकोस.

मी घरीच आहे. दार अजून फुटलेलंच आहे, वाजवायची गरज पडणार नाही.

बाई