आखाजीपर्यंत थांबा

२ एप्रिल २०२४, मंगळवार

बोलतेय. उमटतंय की नाही, ते राम जाणे!

विमल म्हणाली, आई, हे माइकचं चित्र दाबा आणि बोला, तारीख तो आपोआप टाकतो. विमल माझी सून. शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. होळीनंतर न्हाणीत माझा पाय घसरला, गुडघ्यापर्यंत प्लास्टर चढलं आणि माझी खाट ओट्याकडच्या खिडकीशी आली. दिवसभर भिंतीशी किती बोलणार? मला अक्षर येत नाही. माहेरी, जसोंडीला शाळा होती, पण ती माझ्या भावांसाठी होती. आता हा फोन माझं बोलणं लिहितो आणि मला ते वाचता येत नाही — म्हणजे माझं गुपित माझ्यापासूनसुद्धा राखलेलं!

फोन विमलचा जुना. संक्रांतीपासून माझ्याकडेच असतो, बोलकमाई नावाच्या ॲपसाठी. त्यात एक बाई हिंदीत प्रश्न विचारते. आपण ऐकायचं. हो असेल तर हिरवं दाबायचं, नाही असेल तर लाल, बाकीचं बोलून सांगायचं. आपल्या मताला गुण मिळतात आणि गुणांचे पुढे पैसे होतात म्हणे. जन्मभर माझं मत या घरात कोणी फुकट घेतलं नाही, आणि ही विकत घ्यायला निघाली! मला हसू आलं. मग मोह पडला.

मी त्या प्रश्नांना बसले तशा गल्लीतल्या बायकाही बसल्या. त्यांचा विश्वास माझ्या भिशीवर. महिन्याला सगळ्यांनी टाकायचं, एकीनं उचलायचं. घाईनं आधी उचलते तिचं कापलं जातं, थांबते तिला भरून मिळतं. इतकी वर्षं भिशी चालवली, सगळा हिशेब डोक्यात, कोणाचा पैसा बुडाला नाही. त्याच चालीनं मी सांगितलं — कोणी हात लावायचा नाही. साचू द्या. आखाजीपर्यंत थांबा, अक्षय तृतीयेच्या सणाला सगळ्या एकदम उचलू.

विमल तेव्हा एवढंच म्हणाली, "आई, ही भिशी नाही."

मी म्हटलं, तू तुझ्या शाळेचे दाखले सांभाळ.

५ एप्रिल, शुक्रवार

आज साबणावर विचारलं. कोणता लावता, फेस किती येतो, वास आवडतो का, घरात साबण कोण आणतं. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या तरी बाईचं साबणपुराण संपेना. मी सगळं खरं सांगितलं. शेवटी म्हणते — क्षमा करें, आप इस सर्वे के योग्य नहीं हैं। गुण शून्य!

मुलगी बघायला येतात तसंच हे. पोहे खातात, चहा पितात, मुलीला चालून दाखव म्हणतात, आणि मग कळवतो म्हणून निघून जातात. आमच्या वेळी निदान पोहे खाल्ल्याची लाज वाटायची.

९ एप्रिल, मंगळवार. पाडवा.

बायका खाटेभोवती जमल्या. कडुनिंब खाल्ला, वर श्रीखंड खाल्लं. मग प्रत्येकीचं आखाजीचं स्वप्न. सोजरबाईला कूलरची मोटर बदलायची आहे. तिला म्हटलं, मोटर कशाला, तू बोललीस की वारा येतोच.

खरी गरज मालूबाईची. ती समोरच्या दारची. तिचा माणूस सुरतेला लूमवर असतो, आठवण येईल तेव्हा पैसे पाठवतो. लेक दीपमाला मागच्या लग्नसराईत डोईफोडियाला दिली. ही तिची पहिली आखाजी. पहिल्या आखाजीला मुराळी जातो, लेकीला सासरहून घेऊन येतो. तिला साडी, तिच्या सासूला साडी, सोबत मांडे. मुराळी गेला नाही तर सासरची माणसं जन्मभर ऐकवतात. मालूबाईचा भाऊ भाईदास जायला तयार आहे. पण रिकाम्या हातानं तो काय तोंड दाखवणार?

पैसे उचलण्याइतके तिचे गुण होळीलाच पुरे झाले होते. होळीपुढे नारळ टाकताना तिनं मला विचारलं होतं, आत्ता उचलू का? मी म्हटलं, आधी उचलणारीचं कापतात. थांब.

तिनं मान हलवली. मोठ्या माणसापुढे ती मानच हलवते.

१६ एप्रिल, मंगळवार

आज उचलायचा दिवस! आखाजीच्या आधी बाजार करायचा तर आताच पैसे हवेत. सगळ्या आपापले फोन घेऊन आल्या. मालूबाईचा चार्जिंगला होता, ती म्हणाली घरी जाऊन दाबते. मी पहिली दाबली. बाई बोलली — आपका अनुरोध जाँच में है। मग सोजरबाईनं दाबलं. तेच. मग एकामागून एक सगळ्यांचे फोन तेच बोलू लागले, आरती म्हटल्यासारखे.

सोजरबाई म्हणाली, तपासायला कोण येणार, तलाठी? सगळ्या हसल्या. मीही हसले. आज हसायला काही अडचण नव्हती.

२० एप्रिल, शनिवार

जाँच चालूच आहे.

विमलनं तक्रार टाकली. उत्तर लगेच आलं. कोणी रिया म्हणून आहे, तिला फार खेद होतो. विमलनं परत विचारलं, रियाला परत खेद झाला. शेवटी मीच फोन तोंडाशी धरला. म्हटलं, बेटी, खेद राहू दे, तारीख सांग. रिया म्हणाली, आपकी राय हमारे लिए अनमोल है।

अनमोल! म्हणून तर मोल देत नाहीत!

विमल म्हणाली, आई, रिया म्हणून कोणी माणूस नाही, मशीन आहे. असेल. पण अशा सुना मी गल्लीत पाहिल्यात. गोड बोलतात आणि डब्याचं झाकण उघडत नाहीत.

२४ एप्रिल, बुधवार

आज विमलनं कामावरून आल्यावर बोलकमाईचे नियम वाचून काढले. बारीक अक्षरात होते म्हणे, चष्मा दोनदा पुसला तिनं. गुण पुरे झाल्यावर पडून राहिले तर काही महिन्यांनी ते गळून जातात. आणि या महिन्यापासून नवी उचल तपासणीत टाकतात, ती तपासणी कधी संपणार ते कुठेच लिहिलेलं नाही. मार्चपर्यंत ज्यांनी उचलले त्यांना चुपचाप मिळाले.

मार्चपर्यंत. म्हणजे होळीला मालूबाईला मिळत होते.

मी थांब म्हटलं म्हणून गेले.

विमल अजून काही सांगणार होती. मी म्हटलं, पुरे. भिंतीकडे तोंड करून पडले. कूस बदलायची तर पाय आधी उचलावा लागतो, आणि पाय उचलायला कोणीतरी लागतं.

२५ एप्रिल, गुरुवार

ओट्यावर कोणी आलं नाही.

२७ एप्रिल, शनिवार

सोजरबाई खिडकीखालून गेली. मला ऐकू जाईल इतपत आवाज ठेवून कोणाला तरी म्हणाली, भिशीत पहिली उचल मालकिणीची असते, रंभाबाईनं आपली उचलली असेल.

रंभाबाई म्हणजे मी. इतक्या वर्षांत माझ्या नावापुढे असं वाक्य पहिल्यांदा लागलं.

श्रीकांतचा इंदूरहून फोन आला. माझा मुलगा, तिथे नोकरीला असतो. सगळं ऐकून हसला. आई, असे किती असतील? मी पाठवतो, वाटून टाक सगळ्यांना.

त्याला कसं सांगू? पदरचे दिले तर सोजरबाई म्हणेल, बघा, खाल्लेले ओकली. नाही दिले तर खाल्लेच. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी प्लास्टर घालून.

२९ एप्रिल, सोमवार

मालूबाई आली. ऊन इतकं की बाहेर कुत्रं नव्हतं, तेवढ्यात आली. खाटेच्या पायाशी बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. विमलला आज सुट्टी होती, ती आत स्वयंपाकघरात.

"माय," ती म्हणाली, "एक सांगायचं होतं."

मला ठाऊक होतं काय ते. माय, तुमच्या शब्दावर थांबले आणि माझी लेक अडकली. ते तिच्या तोंडून ऐकण्याची माझी छाती नव्हती. मी तिला बोलूच दिलं नाही. म्हटलं, काही सांगू नको. येतील पैसे. आखाजीपर्यंत थांब.

परत थांब! जीभ आहे की काय आहे!

आत विमलच्या हातून झाकण पडलं. मालूबाई उठली, माझ्या पायाखालची उशी सरळ केली आणि मान हलवून गेली.

२ मे, गुरुवार

एक नवंच समजलं. रोज निदान एका सर्वेला बसलं नाही तर खातं बंद होतं आणि जाँचमधले पैसेही जातात. म्हणून सगळ्या बसतात. सगळ्या वैतागल्यात, पण सोडत कोणी नाही. दुपारी गल्लीत लूमची खटखट थांबली की घराघरांतून त्या बाईचा आवाज ऐकू येतो. हो असेल तर हिरवं, नाही असेल तर लाल.

केळीचा घड भरला की झाड वाकतं, त्याला बांबूचा टेकू देतात. एकदा दिला की मग काढता येत नाही, काढला की घड खाली. मी "थांबा" म्हटलं तो असाच टेकू. सगळ्या त्याच्यावर रेललेल्या, आणि टेकू आतून किडलाय हे मला ठाऊक, विमलला ठाऊक.

विमलचं एक आहे. मी म्हटलंच होतं, असं ती अजून एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. भांडायला मिळालं असतं.

४ मे, शनिवार

आजचा प्रश्न — बोलकमाई अपनी सहेलियों को सुझाएँगी? शून्य से दस में बताइए।

शून्य सांगितलं.

आप इस सर्वे के योग्य नहीं हैं।

८ मे, बुधवार

समोरच्या कडुनिंबाला झोका बांधला. दोर नवा आहे, कर्कर वाजतो. सासरहून लेकी यायला लागल्या. घरोघरी मांडे चाललेत, खापराचा वास खिडकीतून आत येतो. पितरांच्या घागरी कुंभाराकडून आल्या. घागरीवर ठेवायचा आंबाही विमलनं आणून ठेवला.

मालूबाईच्या दाराला कुलूप आहे. सकाळपासून. लेकीला आणता आलं नाही तर दुसऱ्यांच्या लेकी झोक्यावर बघत कोण बसेल? गेली असेल भावाकडे, तोंड लपवून.

मीही गेले असते. मला तर तोंड लपवायला खाटेवरून उतरता येत नाही.

९ मे, गुरुवार

आज सांगून टाकलं.

विमलला म्हटलं, सगळ्यांना बोलव. खाटेवरच सांगते, उभं राहता येत नाही ते बरंच आहे. आल्या. सोजरबाई दारातच उभी राहिली, आत येईना. मालूबाई नव्हती, तिचं कुलूप तसंच. जिला सांगायचं तीच नाही.

मी म्हटलं, बायांनो, मी चुकले. ही भिशी नव्हती. भिशीत समोरची बाई दिसते, तिचं घर ठाऊक असतं, पैसे बुडवले तर तिच्या ओट्यावर जाऊन बसता येतं. इथे कोणाच्या ओट्यावर बसणार? रियाच्या? विमलनं मला आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आता कोणी थांबू नका. सोडा ते.

मग सोजरबाईनं विचारलं, "तुम्ही खरंच नाही उचलले?"

मी माझा फोन तिच्या पुढे धरला. तिनं कानाशी नेला. जाँच में है, जाँच में है. तिनं तो बंद केला आणि आत येऊन माझ्या खाटेवर बसली. म्हणाली, मग कूलरच्या मोटरचं पाप तुमच्या डोक्यावर, रात्री वारा घालायला यायचं.

प्लास्टर निघू दे, म्हटलं.

सगळ्यांनी तिथेच बोलकमाई काढून टाकली. माझ्या फोनवरचीही विमलनं काढली. हा बोलण्याचा माइक तेवढा राहू दिला.

हलकं वाटलं, पण पुरतं नाही. उद्या पहिली आखाजी आणि डोईफोडियाला एक पोर रस्त्याकडे डोळे लावून बसलेली असेल.

१० मे, शुक्रवार. आखाजी.

दीपमाला आली! नवी साडी नेसून, भाईदासमामासोबत. माझ्या प्लास्टरला हात लावून पाया पडली. मागे मालूबाई, पदर तोंडाशी, तिच्या मागे विमल खाली बघत. मालूबाईला होळीच्या दुसऱ्याच दिवशी विमलनं पैसे उचलून दिले होते. "माय, सांगायला आले होते," मालूबाई म्हणाली, "तुम्ही थांब म्हटलं."

झोका कर्कर वाजतोय. सगळ्या गल्लीत एकीनंच माझं ऐकलं नाही, तिचीच लेक बसलीय त्याच्यावर.