अंगठ्याएवढं अंतर

प्रिय खडूसबाई,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरली असशील, तर आधी निवांत खाली बस. इथे सगळे ठणठणीत आहेत. तुझी आई आहे, मी आहे, शेडमधल्या सगळ्या कयाक आहेत. मागच्या हंगामात खडकावर आपटून जिचं नाक फुटलं होतं, त्या लाल कयाकचीही मी कालच डागडुजी केली. फोनवर माझी गाडी ‘कशी आहेस, जेवलीस का, थांब आईला देतो’ याच्या पुढे जात नाही, हे मला माहीत आहे. त्यावरून तू माझी नक्कल करतेस आणि आई पोट धरून हसते, हेही माहीत आहे. म्हणून पत्र लिहितोय. कागदावर मला असं मध्येच दुसऱ्याच्या हातात फोन कोंबून सटकता येत नाही.

हंगाम पुढच्या आठवड्यात सुरू होतोय. पहिलीच सहल एका बँक मॅनेजरच्या कुटुंबाची आहे. गृहस्थ फोनवर विचारतात, बेटांवरचे सील नक्की दिसतील असं लेखी द्याल का? मी म्हटलं, साहेब, सीलचीच सही आणून देतो. इतकी वर्षं माणसं बायकापोरांसकट कयाकमधून वल्हवत त्या बेटांपर्यंत नेतोय, अजून एकही कुटुंब सील न बघता परत आलेलं नाही. गेल्या वर्षी तर एका आजींनी पाणमांजर पाठीवर उताणं पडून शिंपला फोडताना बघितलं आणि मलाच मिठी मारली, जसं काही मी ते शिकवून ठेवलं होतं. शेखी मिरवतोय म्हणशील. मिरवतोच! माझ्या धंद्यात दुसरं आहे काय मिरवायला.

बरं, आता मुद्दा. रविवारी तुझा फोन आला तेव्हा आईने तो स्पीकरवर टाकून बटाटे सोलायला घेतले होते आणि मी दाराशी बूट वाळत घालत होतो. तेवढ्या कामाला कुणाला अर्धा तास लागत नाही, तेव्हा मी सगळं ऐकलं हे उघड आहे. तुझा तो डेंटिस्ट भला माणूस आहे, तुमचं दोघांचं छान जमलंय, पण त्याची ती बिनआईची सात वर्षांची पोरगी तुला जवळ करत नाही. तू विणलेला स्वेटर तिने कुत्र्याच्या टोपलीत अंथरला. तू खोलीत आलीस की ती उठते, आपल्या खोलीत जाते आणि दार लोटून घेते. आणि रोज झोपताना बापाला विचारते, त्या आज पण इथेच राहणार आहेत का? तू म्हणालीस, आई, मी कुणाच्या घरात अशी घुसून नाही राहणार, महिनाअखेर बॅग भरते. मग तू रडलीस. तू रडलेलं मला सोसत नाही. तो बूट माझ्या हातात तसाच राहिला.

मला वाटलं, अरे, हे तर माझंच काम! या विषयात माझ्याएवढा तयार माणूस तुला शोधून सापडायचा नाही. आठवतंय ना तुला? तू आठ वर्षांची होतीस, तुझे बाबा जाऊन अजून दोन वर्षंही झाली नव्हती. तुझी आई धक्क्यावर तिकीट खिडकीत बसायची आणि मी दिवसातून चार वेळा नको असलेली तिकिटं काढायला जायचो. तिने मला स्पष्ट सांगितलं होतं, मला काही अडचण नाही, पण माझ्या मुलीला तू चाललास तर. म्हणून मी तुम्हा दोघींना तीन दिवसांच्या सहलीला नेलं. तू आलीस ती बाबांचा हिरवा रेनकोट घालून. बाह्या दुमडून दुमडून कोपरापर्यंत आणलेल्या, खालचा घेर घोट्याला लागतोय, आणि तोंड असं की दूध नासावं. त्यावर लाइफ जॅकेट बसेना. रेनकोट काढ म्हणायची माझी छाती नव्हती. मी शेडमध्ये गेलो आणि आमच्या सगळ्यात जाडजूड गिऱ्हाइकासाठी ठेवलेलं जॅकेट आणून तुला वरून घातलं. खडूसबाई हे नाव तिथलंच.

किनाऱ्यावर मी तुला तो अंगठ्याचा नियम शिकवला, जो आजही प्रत्येक पोराला शिकवतो. हात लांब करायचा, अंगठा उभा धरायचा, एक डोळा मिटायचा. खडकावरचा सील अंगठ्याआड पुरता झाकला गेला तर आपण योग्य अंतरावर आहोत. बाहेर दिसायला लागला, तर फार जवळ आलो. बाकीचं सगळं त्याच्याच पोटात येतं. कयाकचं नाक सरळ त्यांच्यावर रोखायचं नाही, तिरकं जायचं. टक लावून बघायचं नाही. त्यांनी मान वर केली की वल्हं थांबवायचं आणि आपलं दुसरंच काही काम असल्यासारखं आकाशाकडे बघायचं. मग तेच कुतूहलाने पाण्यात उतरतात आणि कयाकच्या मागे मागे येतात.

मी ठरवलं, या पोरीशीही असंच वागायचं. तुला पुढे बसवलं, मी मागे. तू वल्ह्याला हात लावला नाहीस, मी ब्र काढला नाही. बोललो तेही समुद्राला उद्देशून, म्हणजे ‘इथे पाणकावळे पंख वाळवतात हं’ वगैरे. संध्याकाळी गरम दुधाचा कप तुझ्याजवळच्या दगडावर ठेवायचा आणि लांब जाऊन बसायचं. जेवताना तुझ्याकडे पाठ. आणि काय सांगू, जादू झाली! पहिल्या संध्याकाळी तू पार किनाऱ्यावर पडलेल्या त्या ओंडक्याच्या पलीकडे बसली होतीस. दुसऱ्या संध्याकाळी अलीकडे आलीस. तिसऱ्या दिवशी परतताना तू वल्हं उचललंस, चार हात मारलेस आणि मागे वळून म्हणालीस, काका, तुमचा ताल चुकतोय. मला इतका आनंद झाला की पुढचा अर्धा तास खरंच चुकला.

ही गोष्ट मी गेली वीस वर्षं गिऱ्हाइकांना शेकोटीपाशी सांगत आलोय. अनोळखी पोरीचं मन कसं जिंकलं, तर सीलसारखं! लोक माना डोलावतात, एखादी बाई डोळे पुसते. तेव्हा रविवारी तू फोन ठेवल्यावर मी बूट खाली टाकला, ऐटीत स्वयंपाकघरात गेलो आणि तुझ्या आईला म्हटलं, तिला माझी पद्धत सांग. लांब राहा, वाट बघ, पोर आपोआप येईल.

तुझी आई आधी हसली. मग बटाटा आणि सुरी खाली ठेवून हसली. मग हसून हसून पुरेवाट झाली तशी खुर्चीत बसली आणि म्हणाली, अहो शहाणे, सील कोण होतं ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?

आणि मग तिने सांगितलं. पहिल्या रात्री तंबूत तू तिच्या कानात म्हणालीस, आई, ते काका मला घाबरतात. माझ्याशी बोलताना समुद्राकडे बघतात. कप हातात देत नाहीत, दगडावर ठेवतात आणि पळतात. आई म्हणाली, मग काय करायचं? तर तू म्हणालीस, मी हळूहळू जाते त्यांच्याजवळ, पण तू त्यांना सांगू नकोस, नाहीतर ते पळूनच जातील. त्या तीन दिवसांत मी तुझ्याकडे पाठ करून जेवत होतो ना, तेव्हा तू माझ्या मागे उभी राहून, हात लांब करून, एक डोळा मिटून, मला अंगठ्याने मोजत होतीस! एवढ्या मोठ्या जॅकेटमधून तो एवढासा हात बाहेर काढून. आईने स्वतः बघितलं. पहिल्या संध्याकाळी मी अख्खा तुझ्या अंगठ्याआड मावत होतो. मग तू थोडी पुढे आलीस. मी पळालो नाही, तशी आणखी पुढे आलीस. आणि मी गाढव, तो माझ्या पद्धतीचा विजय समजून वीस वर्षं मिरवत बसलो.

माझी चांगलीच जिरली. पण मग मी तो बूट परत उचलला आणि तुझं रविवारचं सगळं बोलणं पुन्हा मनात फिरवलं, या वेळी पोरीच्या बाजूने. आई म्हणते, तू तिथे पाहुण्यासारखी वागतेस. खोलीत शिरायच्या आधी खोकतेस, ती समोर असली की मोबाइल बघतेस, स्वेटरसुद्धा हातात न देता तिच्या दाराच्या मुठीला अडकवून आलीस. हे सगळं तू कुणाकडून शिकलीस, ते मी वेगळं सांगायला नको. कुत्र्याचं म्हणशील, तर ते कुत्रं ती रात्री कुशीत घेऊन झोपते, हे तूच सांगितलंस. मग त्याची टोपली म्हणजे काय कचऱ्याची टोपली झाली? दार ती लोटते. आईने तुला मुद्दाम विचारलं, कडी लावते का? तू म्हणालीस, नाही, कडी नाही लावत. आणि तो रोजचा प्रश्न, त्या आज पण इथेच राहणार का? तू तो ‘जा’ असा ऐकलास. मला वाटतं, ज्या पोरीची आई एकदा गेली ती परत परत मोजून बघतेय, ही अजून आहे ना? महिनाअखेर तू बॅग भरलीस, तर ती मनाशी म्हणेल, मी जवळ गेले म्हणून पळाल्या.

तेव्हा बॅग भरच, पण तिघांची. लाल कयाक तुमच्यासाठी ठेवली आहे. पोरीला पुढे बसव, तू मागे बस. डेंटिस्टला माझ्या कयाकमध्ये दे, त्याला मी वल्हवायला लावतो, माझ्या दाढेचं तो बघेल. आणि माझी पद्धत अजिबात वापरू नकोस. दुधाचा कप तिच्या हातात दे, तिच्याकडे बघून दे, आणि सरळ सांग की मला तुझी भीती वाटते. मुलांना ते आधीच कळलेलं असतं, आपण कबूल करायची ती वाट बघतात. हिरवा रेनकोट शेडमध्ये त्याच खुंटीला आहे, मी दर वर्षी धुऊन ठेवतो. तिला हवा असला तर देऊ, नाही तर तिथे ठीक आहे.

हे पत्र मी तुला शहाणपण शिकवायला लिहायला घेतलं होतं. पण शिकवायचं ते तूच मला तेव्हा शिकवून बसलीस. खरं कारण वेगळंच आहे. रविवारपासून रोज सकाळी मी धक्क्यावर जातो आणि मनात येतं, त्या आठ वर्षांच्या पोरीने, जिचा स्वतःचा बाप गेला होता, एका घाबरलेल्या परक्या माणसाला तीन दिवस इतक्या सांभाळून वागवलं, आणि त्या माणसाने वीस वर्षांत तिचे एकदाही आभार मानले नाहीत. मी घाबरलो होतो गं. फार घाबरलो होतो. तू जवळ आलीस, म्हणून मला घर मिळालं. आता या, मी धक्क्यावरच उभा असेन. लांबून हात पुढे करून अंगठा धरून बघ, आणि तुझा काका त्यात मावेनासा होईपर्यंत वल्हं थांबवू नकोस.

तुझाच, न पळालेला,
काका